जानकीच्या गाठीचे गठ्ठे

मी एक जुना प्रेस आहे. वर्तमानपत्र छापणारा नव्हे, मित्रांनो. एवढं माझं भाग्य कुठलं! सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या एका लहान शहराचा प्लास्टिकचा कचरा दाबून मी त्याचे गठ्ठे करतो. नगरपालिकेच्या शेडमध्ये मी आलो तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी त्याच नारळाची करवंटी माझ्या तोंडात कोंबली. माणसांची ओळख मला तिथेच पटली.

शेडमध्ये चार बायका कचरा निवडत. त्यांतली जानकी धामापूरकडची, शेतकऱ्याघरची. आपला गठ्ठा प्रत्येकीने आपल्या हाताने बांधायचा, अशी तिथली रीत. भाताचा भारा बांधतात तशी पिळाची गाठ जानकी मारायची. घाण पिशवी विसळल्याशिवाय ती मला कधी देत नसे.

मग स्वच्छतेच्या बक्षिसाचं खूळ निघालं. मुकादम विनीत म्हणाला, "गठ्ठ्यांची संख्या वाढवा. मिळेल ते कोंबा." बांगड्याच्या आतड्यांनी भरलेल्या पिशव्या, पर्यटकांची खरकटी ताटं, पोरांचे डायपर... शी! सगळं मी मुकाट गिळलं. बक्षीस नगराध्यक्ष साहेबांना मिळालं. माझ्या फटींतून मात्र महिनाभर अळ्या गळत होत्या. जानकीने आपली रीत सोडली नाही. गठ्ठे कमी भरले म्हणून तिने बोलणी खाल्ली.

यंदा प्लास्टिकचा भाव पडला आणि नेमका करारही संपला. गठ्ठे विकत नेणारे वेंगुर्ल्याचे धोंडूशेठ नव्या कराराची बोलणी करायला शेडमध्ये आले. साहेब जुनाच दर धरून बसले. करार झाला नाही तर शेड बंद, चौघींचं काम बंद आणि सगळा कचरा खाडीकाठी जाळायचा, हे ठरलेलंच होतं.

धोंडूशेठ म्हणाले, "साहेबानू, भाव होतो तेव्हा घाण पण खपली. आता धुतललो माल व्हयो. ह्यो गठ्ठो फोडा बघू."

गठ्ठा फोडला. असा वास सुटला की साहेबांनी नाकाला रुमाल लावला. घाण त्यांच्याच शहराची, त्यांच्याच बक्षिसाची, आणि नाक धरणारेही तेच. मला कचऱ्यापेक्षा त्या रुमालाची किळस आली.

जानकीने आपल्या गाठीचा गठ्ठा पुढे ओढला. धोंडूशेठनी त्यात हात घातला, हाताचा वास घेतला. "असले गठ्ठे नेतंय. दर कमी, पण नेतंय. बाकीचे माका नको."

"आमी चवघी असलेच बांधतलंव," जानकी म्हणाली.

करार झाला, टाळ्या झाल्या, चहा झाला. आणि साहेबांनी उरल्या चहासकट प्लास्टिकचा कप माझ्या तोंडात टाकला! जानकीने तो बाहेर काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"साहेबानू, ह्यो धुवन हाडा."

विनीत लगबगीने पुढे झाला. तिने हात मागे घेतला. "मुकादमानू, तुमी नको. कप साहेबांचो आसा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच हलेना. मग ते कप धुऊन आणायला नळाकडे गेले.

मित्रांनो, मला नवा रंग नको, हार तर नकोच. तुम्ही नाक धरून टाकता ते जानकी हाताने निवडते, एवढं ध्यानात ठेवा. पिशवी विसळून द्या. नळ तुमच्याही घरी आहे.