पाठीचा टेकू

मंगळवार पेठेतल्या बाहुबली मगदुमांनी बावीस वर्षांत गुळाचा खडा जिभेला लावलेला नव्हता. माणूस गुळाचा व्यापारी, त्यामुळं हे कुणाला खरं वाटायचं नाही. अंगात गुळाचा वास असा मुरलेला, की ते रस्त्यानं चालले की मागून माशांची वरात निघायची. पावसाळ्यात त्यांचा सदरा वाळत घातला, की खाली वाटी ठेवावी लागायची म्हणतात. पण नेम म्हणजे नेम. ‘मुनिमहाराजांना माझ्या हातानं आहार दिल्याशिवाय गूळ खाणार नाही,’ असं ते जैन बस्तीत, देवासमोर, चारचौघांत बोलून बसले होते. तेव्हापासून पेठेत आलेला प्रत्येक मुनी त्यांच्या दारावरून पुढं गेला. एकदा तर एक महाराज उंबऱ्यापर्यंत आले, आणि ‘दारात अमुक दिसलं तरच थांबायचं’ हा मनातला संकल्प जुळला नाही म्हणून शेजारच्या घरात शिरले.

यंदाच्या चातुर्मासाचे महाराज उद्या पुढच्या गावाला पायी विहार करत निघणार होते. आजची एकच सकाळ हातात होती. आणि आजच स्वयंपाकघराच्या भिंतीचा फुगवटा दाराएवढा झाला होता.

भिंत शंभर वर्षांची, मातीची. आषाढात तिला ओल चढली, पोपडे पडायला लागले. तेव्हा प्रसेनजीत गवंड्यानं थापीच्या दांड्यानं ठोकून बघितलं. डबडब आवाज आला.

“काका, सगळा गिलावा सोलायचा. दोन महिने भिंत वाळू द्यायची, मग चुना मारायचा.”

सोलायला घेतलं तर आत मुंग्या. थोड्याथोडक्या नव्हेत. मगदुमांच्या गुळावर पोसलेलं आख्खं गाव, त्यात गल्ल्या, त्यात चौक. एक मुंगी पैलवानासारखी छाती काढून आडवी आली, असं प्रसेनजीत आजही शपथेवर सांगतो.

बाहुबलींनी त्याचं मनगट धरलं. “थांब. जीव हायत आत. वरनंच लिंप.”

“ओल्या मातीवर सिमेंट धरत न्हाई, काका. फुगंल.”

“फुगू दे की. मरणार तर न्हाईत?”

मुंग्यांना यायला-जायला बोटभर भोक ठेवून भिंत लिंपली. आणि ती फुगली.

आज सकाळी सातलाच प्रसेनजीत फळी आणि लोखंडी टेकू घेऊन हजर झाला. बाहुबलींची थोरली बहीण अक्काताई दारात आडवी उभी राहिली. “स्वैपाकघर धुऊन आहाराचा चौका शुद्ध करून ठेवलाय. ती सिमेंट खाल्लेली फळी आत आली तर आजचा आहार विसरा.”

“आक्का, भिंत पडंल!”

“चार महिने न्हाई पडली. आजचाच मुहूर्त काढलाय व्हय तिनं?”

प्रसेनजीत फळी घेऊन खिडकीबाहेर बसून राहिला.

साडेनऊला भाऊ-बहीण शुद्ध वस्त्रं नेसून, कलश आणि नारळ घेऊन दारात उभे राहिले. महाराज आले, तसे बाहुबली ओरडले, “नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!” आवाज इतका फुटला, की पलीकडच्या गल्लीतल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. महाराज थांबले. नारळाकडं बघितलं. आणि आत वळले.

पाय धुतले, पूजा झाली. महाराजांनी पाटावर उभं राहून ओंजळ पुढं केली. बाहुबलींनी पाण्याचा पेला उचलला.

कर्रर्र.

भिंतीवर तुळईपासून खाली एक भेग सरसरत आली. चिमूटभर माती महाराजांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर पडली. ओंजळीत एक कण पडला असता तरी अंतराय झाला असता. मग दिवसातून एकदाच आहार घेणारे महाराज पाणीही न घेता बसले असते, आणि उद्या उपाशीपोटी चालायला लागले असते. मगदुमांच्या घरातून.

बाहुबलींनी पेला अक्काताईच्या हातात दिला आणि फुगवट्याला पाठ लावून उभे राहिले.

“तू दे,” ते पुटपुटले.

“नेम तुझा हाय!”

“भिंतबी माझीच हाय.”

अक्काताई देत राहिली. पाणी, दूध, भात. एकेक घास तिच्या हातातून जाताना बाहुबली बघत होते. भिंत पाठीत रेटत होती. गुळाचा वास लागून भोकातल्या मुंग्या त्यांच्या मानेवर चढल्या. खाजवायची सोय नव्हती. मध्येच महाराजांची ओंजळ आपल्याकडं वळली असं त्यांना वाटलं. जवळच चौरंगावर केळ्याच्या फोडी होत्या. त्यांनी हात लांब केला. बोटं फोडींना टेकणार, तोच पाठीमागं काहीतरी बोटभर सरकलं.

“काका, हलू नका!” खिडकीतून प्रसेनजीत कळवळून म्हणाला.

बाहुबलींनी हात मागं घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तो उचलला नाही.

आहार निर्विघ्न झाला. महाराजांनी आशीर्वाद दिला, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेऊन ते निघाले. लोकांचा नमोस्तुचा घोष कोपऱ्यावर पोचला, तेव्हा बाहुबली बाजूला झाले. भिंतीचं सगळं पोट धाडकन खाली आलं.

धुरळा बसला, तर ते डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेले. अक्काताईनं गुळाचा खडा पुढं केला. “खा आता. दिलास की आहार.”

“हातानं न्हाई दिला.”

“मग कशानं दिलास?”

“पाठीनं. नेम हाताचा होता.”

अक्काताईनं खडा परत मुठीत घेतला.

प्रसेनजीत थापी घेऊन आत आला. ढिगाऱ्यात मुंग्यांचं गाव फुटलं होतं. पांढरी अंडी तोंडात धरून मुंग्या वाट फुटेल तिकडं पळत होत्या. पुष्कळ चिरडल्या होत्या. ज्यांच्यासाठी भिंत सोलू दिली नाही, त्याच. बाहुबली त्यांच्याकडं बघत मटकन खाली बसले.

“सोलू का, काका?”

“थांब.”

त्यांनी अक्काताईच्या हातातला खडा घेतला, चुरला, आणि भिंतीच्या पायथ्यापासून कणाकणानं गुळाची रेघ ओढायला सुरुवात केली. उंबऱ्यावरून, पायरीवरून, परसातल्या शेवग्यापर्यंत. त्या रेघेला लागून मुंग्या एकामागे एक बाहेर निघाल्या. दुपार टळली. प्रसेनजीत थापी मांडीवर घेऊन बसून होता.

शेवटची मुंगी गेल्यावर बाहुबलींनी आपली चिकट बोटं बघितली. बराच वेळ बघितली. मग उठून नळावर जाऊन खळखळून धुतली.

“पुढच्या चातुर्मासापातुर वाळंल न्हवं भिंत?” त्यांनी विचारलं.

“वाळंल की,” प्रसेनजीत म्हणाला, आणि त्यानं उरलेल्या गिलाव्यावर पहिला घाव घातला.