दाराशी थांबलेला दुसरा भाग

मी दुसरा भाग बोलतोय. एका व्हिडिओ गेमचा दुसरा भाग, डबीत बसणारी तबकडी. पहिल्याचं नाव निघालं की लोकांचे डोळे चमकतात, माझं निघालं की आधी सुस्कारा येतो. पाठच्या भावाचं असंच असतं.

आमची मूळ गोष्ट एका जाडजूड पुस्तकातली. त्यात एक पूलराख्या आहे. राक्षसांची फौज येते तेव्हा तो आपल्या धाकट्या भावाला पलीकडे ढकलतो, पूल तोडतो आणि पुलासकट दरीत जातो. पहिल्या भागातही तसंच घडलं. मला बनवणाऱ्यांनी मात्र ठरवलं, की तो मेलाच नाही. नदीनं त्याला वाहून नेलं आणि तो एका मिठाच्या कोठारात, बंद दारामागे जिवंत आहे; धाकट्या भावानं त्याला शोधायचं. झालं! लोकांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली.

मला विकत घेतलं दोन भावांनी. थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. धाकटा टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. त्याला घरात बारक्या म्हणत. बारक्याचं आणि शाळेचं कधी जमलं नाही. अक्षरं लावायला त्याला वेळ लागे आणि धीर तर औषधालाही नव्हता. म्हणून खेळताना दोघांची कामं वाटलेली. पडद्यावरचं दादा मोठ्यानं वाचणार, बारक्या बटणं दाबणार.

"मी 'हं' म्हटल्याशिवाय दाबायचं नाही," दादा म्हणायचा.

"मग लवकर म्हण की! इथं म्हातारा झालो मी."

पहिला भाग त्यांनी असाच संपवला होता. ते जाड पुस्तकही दादानंच त्याला वाचून दाखवलं होतं. पूलराख्या पडला तेव्हा बारक्या दोन दिवस जेवला नव्हता. त्यामुळे मी घरात आलो तेव्हा त्याला कोण आनंद झाला! पण दादानं माझी डबी उलटून मागचा मजकूर वाचला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"हे खोटं आहे. पुस्तकात तो मेलाय. मेला म्हणजे मेला."

"अरे, पण जिवंत असला तर तुझं काय बिघडतं?"

"मग तो पडला कशाला? गंमत म्हणून?"

मी फळीवर गेलो. बारक्या आठवडाभर फुरंगटून बसला.

पुढचं फक्त मला ठाऊक आहे. दादाची सुट्टी मंगळवारी असायची. आई शिवणाच्या कारखान्यात आणि बारक्या दुकानात गेला, की तो मला हळूच डबीतून काढायचा. मला शिव्या घालत घालत खेळायचा. पाच मंगळवारांत तो त्या कोठाराच्या दारापर्यंत पोचला. पडद्यावर प्रश्न आला, दार उघडायचं का? दादाचा अंगठा बटणावर होता. बराच वेळ होता. मग त्यानं खेळ तिथेच जपून ठेवला, मला पुसून डबीत घातलं आणि स्वतःशीच म्हणाला, "गाढवाला येऊ दे. त्यालाच उघडू दे."

पण गाढवाला सांगायचं राहून गेलं. दोनच दिवसांनी दादा लिफ्टखाली काम करत असताना लिफ्ट खाली आली.

त्यानंतर घर मुकं झालं. आई मशीनवर बसायची, पण पाय हलायचा नाही. बारक्यानं दुकानात कुणावर तरी हात उचलला आणि घरी बसला. एका दुपारी तो उठला, फळीवरून मला ओढलं आणि यंत्रात घातलं. त्याला एकच हवं होतं. जो मेला नाही म्हणतात, त्याला बघायचं होतं.

पडद्यावर आधी एक छोटं चित्र आलं. अंधारं कोठार, मिठानं पांढरं पडलेलं दार. खाली दादाचे खेळून झालेले तास. शेजारी प्रश्न होता, जुना खेळ पुसून नवा सुरू करायचा का? वाचणारं कुणी नव्हतं. 'हं' म्हणणारं कुणी नव्हतं. बारक्यानं दाबलं. पुढचा प्रश्न, खात्री आहे का? त्यानं तेही दाबलं.

मी ओरडलो असतो, पण मला दिलेल्या आवाजांत तो आवाज नाही.

महिनाभर तो खेळला. एकेक अक्षर बोटानं धरून वाचायला लागला. पुढे आई शेजारी येऊन बसू लागली, चष्मा लावून अडखळत वाचू लागली. त्याला घाई व्हायची, पण तो थांबायचा. आणि एके दिवशी ते दार आलं.

बारक्यानं बटणावरचा अंगठा काढला.

"आई, हे दार मी बघितलंय. पहिल्याच दिवशी. चित्र होतं याचं." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "तो दादाचा खेळ होता. इथवर आला होता तो. आणि मी पुसला. माझ्या हातानं पुसला, आई!"

आईनं त्याचं डोकं जवळ घेतलं. तो रडला, तेही लहान मुलासारखं, नाक पुसायचं भान न ठेवता.

त्याचं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "इथवर आला, तर मग उघडलं का नाही त्यानं?"

बारक्यानं नाक पुसलं.

"माझ्यासाठी थांबला असेल."

"मग उघड. मी वाचते."

"नको. तो थांबला होता ना? आता मी थांबतो."

त्यानं खेळ तिथेच जपून ठेवला. मला शर्टाच्या टोकानं पुसलं आणि त्या जाड पुस्तकात, पूलराख्या पडतो त्या पानात ठेवलं.

आजही मी तिथेच आहे. माझ्यावर एक ओरखडा आलाय, धूळ तर रोजचीच. दारामागे पूलराख्या उभा आहे. त्याचं पहिलं वाक्य माझ्या पोटात आहे, "किती उशीर केलास रे, बाळा." ते कुणी ऐकलेलं नाही.

मला कुणाला देऊन टाकू नका, एवढंच मागणं आहे. आणि पुस्तक खरं की मी खरा, ते मला विचारू नका. मी दाराशी थांबलोय.