हातोडीवर अडकलेलं मशीन

वडिलांच्या माघारी दोघा भावांनी घराची वाटणी केली ती इतकी चोख, की कुणाच्याच पदरात काही कामाचं पडलं नाही. ड्रिल मशीन धाकट्याला. त्याची पेटी, बिटं आणि ग्रीसची ट्यूब थोरल्याला. शिडी तर मधोमध कापली, तेव्हापासून दोघांचेही हात माळ्याला पोचेनात. मधल्या दारात विटा रचून भिंत घातली आणि बोलणंही बंद केलं. आई तेवढी कापता येईना, म्हणून ती कधी इकडे, कधी तिकडे राहायची.

त्या दिवशी ती धाकट्याकडे आली आणि पिशवीसुद्धा खाली ठेवेना.

"माळ्यावरचं ह्यांचं घड्याळ काढ आणि भिंतीवर लाव. लागलं तर राहीन, नाहीतर ही चालले."

मागच्या वेळी आई अशीच रुसून गेली होती, तेव्हा धाकट्याला घर खायला उठलं होतं. तो व्यवसायाने शिंपी. सुईपेक्षा जाड काही भिंतीत घालायची सवय नाही. तरी स्टुलावर स्टूल ठेवून त्याने चादरीत बांधलेलं घड्याळ उतरवलं, नवं बिट आणलं आणि आईने बोट दाखवलं तिथे, म्हणजे नेमकं त्या बुजवलेल्या दारावर, मशीन टेकवलं.

मशीनच्या नॉबवर तीन चित्रं होती: बिट, बिट आणि हातोडी, नुसती हातोडी. कुठलं हवं हे न कळल्याने त्याने मशीन चालू ठेवूनच नॉब गरागरा फिरवला. तो हातोडीवर जाऊन बसला आणि हलायचं नाव घेईना. बिट फिरायचं सोडून नुसतं ठोकत सुटलं. धाकट्यालाही चेव आला. आधी गिलावा पडला, मग एक वीट पडली, ती पलीकडे. धूळ बसल्यावर भोकातून थोरल्याचा डोळा दिसला.

थोरला पंपदुरुस्तीवाला. मशीनचे असे हाल बघून त्याचा जीव तीळतीळ तुटला. पण अबोला म्हणजे अबोला.

"आई, त्याला सांग, मशीन पूर्ण थांबल्याशिवाय नॉबला हात लावायचा नाही."

"तो म्हणतो, थांबल्याशिवाय हात लावू नको," आई हातभर अंतरावरच्या धाकट्याला म्हणाली.

"त्याला सांग, आता थांबलंय. तरी हलत नाही."

"आतले दात एकमेकांवर चढलेत म्हणावं. नॉबवर जोर करू नको. तो हलकेच फिरवत धर आणि बिट धरणारा पुढचा चक हाताने जरासा मागेपुढे कर. दातात दात बसला की आपोआप सरकेल."

एवढं सगळं आईच्या लक्षात कुठलं राहायला! "दात घास म्हणतोय," तिने निरोप पोचवला.

धाकट्याने सगळं ऐकलं होतंच. त्याने एका हाताने नॉब धरला आणि दुसरा हात चकवर ठेवला. बोट खटक्यापाशी, वायर भिंतीत.

"अरे गाढवा, आधी प्लग काढ! बोटं जातील ना!"

थोरल्याच्या तोंडून ते निघून गेलं. मध्ये आई नव्हती, कुणी नव्हतं. धाकट्याने प्लग काढला, चक हलवला, आणि नॉब टक् करून बिट-हातोडीवर आला. भोकातून ग्रीसची ट्यूब आत आली.

"थोडं लाव. खाऊ नको."

पुढचं भोक बोटाएवढं आणि सरळ पडलं. धाकट्याने त्यात लाकडी खुंटी ठोकली, चादर सोडली आणि घड्याळ उचललं. जड होती ती चादरच, घड्याळ कापसासारखं हलकं होतं. तबकडी होती, काचही होती. काटे नव्हते आणि आतलं मशीन नव्हतं.

"आई, हे रिकामं आहे!"

"असेलच. वाटणीत पेटी तुझ्याकडे आली, मशीन आणि काटे गेले त्याच्याकडे." आईने पहिल्यांदाच पिशवी खाली ठेवली. "माग की."

धाकट्याने सवयीने तिच्याकडे बघून तोंड उघडलं. "आई, त्याला सांग..."

आईने डोळे मिटून घेतले होते. तिला चक्क झोप लागली होती, उभ्याउभ्याच.

मग तो भिंतीकडे वळला आणि त्याने भोकाला तोंड लावलं.

"दादा," तो म्हणाला, "आई राहतेय. काटे दे."