आधी घेतलेली माफी
पहाटे बेकासीहून निघताना मी ओठांना लाली लावली होती. बातांगचा फाटा दिसू लागला तेव्हा ती तिसऱ्यांदा लावली.

"आई, आपण वोनोगिरीला आजीकडे चाललोय की तुझं लग्न आहे?" मागच्या सीटवरून गालुह म्हणाली.

"एकवीस वर्षांनी भेटतेय मी तिला. गप्प बस."

"चहा तरी देईल ना तुझी मैत्रीण?" माझा नवरा प्राप्तो द्रुतगती मार्गावरून गाडी खाली उतरवत म्हणाला. "नाहीतर ईद म्हणून नुसती माफी मागेल आणि वाटेला लावेल."

ईदच्या दिवशी त्याची पहाऱ्याची पाळी होती. त्यामुळे यंदा आम्ही दुसऱ्या दिवशी गावाकडे निघालो होतो. रस्ता त्या मानाने मोकळा होता आणि म्हणूनच वाटेत बातांगला माझ्या मैत्रिणीकडे, तिनीकडे, जायला तो कबूल झाला.

तांगेरांगच्या बुटांच्या कारखान्यात असताना आम्ही तिघी एका खोलीत राहत होतो: तिनी म्हणजे वारतिनी, सुकेसी आणि मी. संपाची जुळवाजुळव माझ्याकडे होती. संपात पुढे होणाऱ्या अकरा जणींच्या नावांची यादी माझ्या चटईखाली असे, आणि हे त्या दोघींखेरीज कुणालाही ठाऊक नव्हते. एका सोमवारी ती यादी मुकादमाच्या टेबलावर पोहोचली. आम्हा अकरा जणींना फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. सुकेसी कामावर राहिली. तिनीही राहिली, पण ती संध्याकाळी येऊन माझ्या गळ्यात पडून रडली, आणि पुढे दोन आठवड्यांनी तिने आपण होऊन नोकरी सोडली. 'तुझ्याशिवाय तिथे कशी बसू?' असे ती म्हणाली होती. तेव्हापासून प्रत्येक नमाजानंतरच्या दुव्यात मी तिचे नाव घेत आले.

तिनी दारातच उभी होती. अंगाने भरली होती, पण हसणे तेच. गालुहचा गालगुच्चा घेऊन झाल्यावर तिने मला खुर्चीत बसवले आणि स्वतः माझ्यापुढे गुडघे टेकले. हे मला चमत्कारिक वाटले. ईदला आमच्याकडे सगळेच एकमेकांची माफी मागतात, पण असे लहान मोठ्यांपुढे बसतात, बरोबरीच्या मैत्रिणी बसत नाहीत.

"तारमी, बाहेरचं आणि आतलं, कळलेलं आणि न कळलेलं, सगळं माफ कर."

"ऊठ गं! तू काय केलंयस माझं? केलं माफ. मलाही कर."

"मनापासून?"

"मनापासून. आता केतुपात वाढ, नवरा उपाशी आहे माझा."

तिने केतुपात, म्हणजे नारळाच्या पातीत उकडलेला भात, वाढला, त्यावर नारळाच्या दुधातले कोंबडीचे कालवण घातले. तिची थोरली मुलगी रेत्नो प्राप्तोला आणि गालुहला कोंबड्या दाखवायला मागे घेऊन गेली. तेव्हा तिनी माझ्या शेजारी येऊन बसली.

"माफ केलंस ना?"

"किती वेळा विचारशील?"

"मग ऐक. ती यादी मी दिली होती."

मी घास तसाच हातात धरून राहिले.

"मला दिवस गेलेत हे मुकादमाला कळलं होतं. लग्न झालेलं नव्हतं. म्हणाला, नावं आण, नाहीतर तुझ्या बापाला पत्र टाकतो." तिने परसाकडे पाहिले. तिथून रेत्नोचे हसणे ऐकू येत होते. "बापानं मला जिवंत ठेवलं नसतं गं."

"आणि नोकरी सोडलीस ती?"

"पोट दिसायला लागलं होतं."

म्हणजे तेही माझ्यासाठी नव्हते.

"सुकेसीला मी खोलीबाहेर काढलं तेव्हा तिची चटई तू गुंडाळलीस," मी म्हणाले. "ती 'मी नाही, मी नाही' म्हणत होती. आणि तू दोरी बांधलीस, तिनी."

"तूच म्हणालीस, बांध."

मीच म्हणाले होते. सगळ्या गल्लीत तिचे नाव खबरी म्हणून मीच पसरवले होते. सहा महिने कुणी तिच्या शेजारी बसून जेवले नाही. मग ती गावी निघून गेली.

"गुडघे टेकायच्या आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर माफ केलं असतंस?"

तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. बऱ्याच दिवसांचा ताप उतरलेल्या माणसासारखी ती दिसत होती. निघताना तिने अननसाच्या बिस्किटांची बरणी माझ्या हाती दिली आणि मी ती घेतली.

सेमारांग मागे पडले तेव्हा मी गाडीत सगळे सांगितले.

"ईदला दिलेली माफी परत घेत नाहीत, तारमी," प्राप्तो म्हणाला. "भोगलंय तिनंही."

"माहितेय मला. तिची मान मुकादमाच्या हातात होती, हे मला कळतंय. पण प्राप्तो, मी दिलेली नाही ती. तिनं माझ्या हातून काढून नेली."

"आई," गालुह हळूच म्हणाली, "मग त्या सुकेसीमावशी कुठे असतात?"

सालातिगाच्या पुढे, आम्पेलला. जुन्या हमरस्त्यावर तिच्या आईचे सुक्या मांसाचे दुकान होते. दरवर्षी गावी जाताना ते जवळ आले की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून डोंगराकडे पाहत असे. द्रुतगती मार्ग झाल्यावर तेवढेही करावे लागत नव्हते.

"खाली उतरव गाडी," मी म्हणाले.

"अंधार पडायच्या आत पोहोचायचंय. आई वाट बघतेय."

"उतरव, प्राप्तो."

दुकान होते. पाटी नवी होती. गल्ल्यामागून एक केस पिकलेली बाई उठली. डोईचा रुमाल सारखा करत ती बाहेर आली आणि तीन हातांवर थांबली. तिने मला ओळखले हे तिच्या हनुवटीवरून कळले. त्या दिवशी चटई उचलतानाही ती अशीच थरथरली होती.

मी तिला काही म्हणणार तोच तिने दोन्ही तळवे जोडून पुढे केले. ईदला दारात आलेल्या कुणापुढेही करतात तसे.

"तारमी," ती म्हणाली, "बाहेरचं, आतलं, सगळं..."

मी माझे हात पाठीमागे नेले. त्या तळव्यांना मी हात लावला असता, तर सगळे तिथेच मिटले असते, आणि तिला काहीच कळले नसते.

"थांब, सुकेसी," मी म्हणाले. "माफ करू नकोस. आधी ऐक."