सहादूंच्या गोळ्या आणि माझी रेघ

मित्रांनो, मी एक जुना आडाखा आहे. पावसापाण्याचा नव्हे, क्षयरोगाचा. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी मला घडवलं. रोग्याच्या अंगात जंतू किती, त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी किती आणि रोज औषध किती जातं, एवढं मला सांगायचं. मग रोग कधी वाढेल आणि कधी ओसरेल, हे मी लॅपटॉपवर रेघ काढून दाखवतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. चाळीस रोग्यांचे अहवाल माझ्या रेघेला धरून आले. दवाखान्यातले डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, तुमचं हे पोर ज्योतिषांच्या पोटावर पाय आणणार!" मी फुशारलो, हे कबूल करतो.

पुढे सिन्नरच्या कारखान्यातले कामगार सहादू आले. माझ्या अंदाजाने दोन महिन्यांत त्यांची रेघ तळाला टेकायला हवी होती. थुंकीत मात्र जंतू तसेच निघाले. आरोग्यसेवक योगेश रोज गोळ्यांचं रिकामं पाकीट बघूनच कार्डावर खूण करत होता, म्हणजे औषधात खंड नव्हता. सगळ्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. दोन आठवडे मला कुणी उघडलंही नाही. मला वाईट वाटलं, पण खरी भीती वेगळी होती. जंतू औषधाला जुमानेनासे झाले असते, तर सहादूंचं काही खरं नव्हतं.

शेवटी मॅडम मला घेऊन योगेशबरोबर सिन्नरला गेल्या.

"दादा, रोज चारही गोळ्या घेता ना?" त्यांनी विचारलं.

"चार कुठल्या, म्याडम? दोन मी, दोन हिला." सहादूंनी बायकोकडे, सुलाबाईंकडे पाहिलं. "तिलाबी खोकला हाय. औषध घरात असून तिला नुसतं बघत बसवू व्हय? आपल्यात एकट्यानं खायची रीत नाय."

"अन् मला लय बरं वाटायचं," सुलाबाई म्हणाल्या. "म्हणून दवाखान्यात गेलेच नाय."

योगेशने कपाळाला हात लावला. मॅडमनी तिथेच ओट्यावर बसून लॅपटॉपवर माझ्यात चारच्या जागी दोन गोळ्या भरल्या. माझी रेघ सहादूंच्या अहवालांवर नेमकी जाऊन बसली. मी चुकलो नव्हतो, मला माहिती चुकीची मिळाली होती. तरी आनंद झाला नाही.

दोघांची तपासणी झाली. सुलाबाईंनाही क्षय निघाला. नशिबाने औषधं दोघांना अजून लागू पडत होती. पुऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि सहादू ठणठणीत झाले. सुलाबाईही बऱ्या झाल्या, पण अर्ध्या औषधाने खोकला दबला तेवढ्या काळात रोगाने त्यांचं डावं फुप्फुस पोखरलं होतं. आता पाण्याची कळशी आणताना त्यांना ती वाटेत दोनदा खाली टेकवावी लागते.

घरात आणखी कोण खोकतं, हा प्रश्न मॅडमनी मला त्यानंतर शिकवला. मित्रांनो, माझ्यातली चूक दुरुस्त होते, मला नवी रेघ काढता येते. सुलाबाईंना नवं फुप्फुस मिळत नाही. म्हणून तुमच्या घरी कुणी खोकत असेल, तर मायेपोटी त्याला आपल्या गोळ्या देऊ नका. हाताला धरून दवाखान्यात न्या, आणि आजच न्या.