गुरुवारचं सूप

"गावात काय कमी आहे?" हा प्रश्न घेऊन शाळेतली अकराच्या अकरा मुलं बेटावर घरोघर फिरली, तेव्हा इशबेलनं दारातूनच सांगितलं होतं, "काही नाही बाळांनो. माझं छान चाललंय."

खोटं होतं ते. सव्वीस वर्षं तिनं त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळलं होतं. मग मोठ्या गावाहून बोटीनं मुलांच्या जेवणाचे बंद डबे यायला लागले आणि तिच्या हातातला डाव गेला. नवरा गेला तेव्हाही दिवस इतके रिकामे वाटले नव्हते. पण हे मुलांना काय सांगायचं?

गिलीसबाई मुलांना शिकवत होत्या, की गावाला काय हवंय ते ओळखा, त्याचा धंदा करा आणि नफा गावाच्याच कामी लावा. मुलांनी ठरवलं: एकट्या राहणाऱ्यांसाठी दर गुरुवारी शाळेत थोड्या पैशांत सूप, आणि त्या कमाईतून बोटीच्या धक्क्यावर बसायला बाक. इशबेलला आमंत्रण आलं. ती कोटाच्या आत ॲप्रन बांधूनच गेली.

सूप वाढल्यावर टॉर्किलनं वाकून विचारलं, "आजी, तोंड वाकडं का केलंत?"

"जव कच्चे आहेत रे. दाताखाली खडे आल्यासारखे."

"मी म्हणालो होतो, ऊना! तू ऐकतेस कुठं?"

"तू नुसती मिरपूड उधळत होतास," ऊना म्हणाली. नऊ वर्षांची ऊना या धंद्याची मुख्य होती.

इशबेल उठलीच. "आण तो डाव इकडे."

"नाही आजी." ऊना स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "मोठ्यांनी आत यायचं नाही, नियम आहे. नाहीतर सगळं आयाच करतील आणि आम्ही नुसते बघत बसू."

इशबेलनं बाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," बाई हसल्या. "मलाही कशाला हात लावायची बंदी आहे."

ऊनाच्या डोक्यावरून आतलं पातेलं दिसत होतं. तेच, एका बाजूला चेपलेलं. इशबेल त्याच्याकडेच बघत राहिली. तिचा चेहरा पाहून मुलं कोपऱ्यात जमली, कुजबुजली, हात वर करून मतं मोजली.

"उंबऱ्यापर्यंत या," ऊनानं निकाल सांगितला. "तुम्ही सांगा, आम्ही करतो. पण हात पाठीमागं. केव्हाचे शिवशिवताहेत तुमचे हात."

इशबेल उंबऱ्यावर उभी राहिली. "आच कमी कर. पाणी घाल, गरमच. आणि जव आदल्या दिवशी भिजवायचे असतात."

"तुम्ही किती मुलांचं करायचात?" टॉर्किलनं डाव हातात घेत विचारलं.

"बासष्ट."

"या बेटावर? बासष्ट?" त्याला हसूच आवरेना.

त्यातली निम्मी पुढं ग्लासगोला गेली, निम्मी कॅनडात. तिला आठवला तेव्हाचा ओल्या लोकरीचा वास, बाकांची खडखड, "अजून वाढा"चा गलका. टॉर्किल घाईघाईनं ढवळत होता, कडेनं सांडत होतं.

"हळू," ती म्हणाली. "तळापासून."

पाठीमागं तिचा उजवा हात सावकाश गोल फिरत होता.