स्नेहलताबाईंची फुली

"फुलीच मारावी लागते का?"

वासुदेव करमरकरांनी जर्मनमध्ये विचारलं, तशी मतपत्रिका देणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखमध्ये सव्वीस वर्षं यंत्रांचे भाग मोजलेला, केसाएवढी चूक पकडणारा हा निवृत्त इंजिनियर! त्याला खुणेचं कोडं पडावं?

मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता. राज्यातली न्यायाधीशाची रिकामी जागा सहा महिन्यांत भरलीच पाहिजे, असा कायदा करावा का? खाली दोन वर्तुळं. या, नाइन. हो, नाही.

सकाळी मुक्ताचा हॅम्बुर्गहून फोन आला होता. मुलीला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

"आईच्या केससाठी मत द्यायला निघालोय गं."

"पापा, लास एस डॉख," ती म्हणाली. सोडा ना आता. मग तिला घाई होती.

सोडणार कसं? त्यांची बायको स्नेहलताबाई साताऱ्यात शाळामास्तरीण होत्या. इथे वृद्धाश्रमात नोकरी धरली आणि म्हाताऱ्यांना उचलून उचलून कंबर गेली. विम्याच्या फॉर्मवर प्रश्न होता : हे दुखणं नोकरीच्या आधीपासून होतं का? बाईंनी शाळेतल्या सवयीने 'हो'वर फुली मारली आणि 'नाही'वर बरोबरची खूण केली. चूक ते चूक, बरोबर ते बरोबर. इथे मात्र फुली म्हणजेच होकार. दावा नाकारल्यावर बाईंनी खुलासा केला, तर कार्यालयाने उत्तर धाडलं, अर्जदाराने आधीचं दुखणं स्वतःच कबूल केलं आहे, आता विधान बदलत आहे.

"अहो, मला खोटारडी ठरवलं हो त्यांनी," त्या म्हणाल्या होत्या. "न्यायाधीशांसमोर उभी राहीन, खडू घेऊन फळ्यावर दाखवीन."

दावा कोर्टात गेला, पण तिथले न्यायाधीश निवृत्त झाले होते. दर सहा महिन्यांनी कोर्टाचं तेच पत्र यायचं, जागा भरल्यावर कळवू. दोन वर्षं खुर्ची रिकामी राहिली आणि गेल्या फेब्रुवारीत घरातलीही झाली.

पोस्टात टाकण्याआधी फॉर्मवर एकदा नजर टाका, असं स्नेहलताबाईंनी सांगितलं होतं. वासुदेवांनी न बघताच पाकीट चिकटवलं. ते त्यांना अजून जेवू देत नाही.

"फुलीच हवी असं नाही," मतपत्रिकेच्या बाई म्हणाल्या. "कुठलीही खूण चालते. तुम्हाला काय म्हणायचंय ते स्पष्ट दिसलं की झालं."

"स्पष्ट दिसलं की झालं?"

"गेनाऊ." अगदी बरोबर.

वासुदेव आडोशामागे गेले. 'हो'च्या वर्तुळात त्यांनी बरोबरची खूण केली, स्नेहलताबाई काढायच्या तशी, लांब शेपटीची. 'नाही'वर फुली मारायला हात उचलला होता, तो आवरला. पत्रिका पेटीत टाकली. बाहेर जायचं सोडून ते पुन्हा टेबलाशी आले आणि कोटाच्या आतल्या खिशातून फॉर्मची झेरॉक्स काढली.

"हे जरा बघता? यात काय म्हटलंय?"

बाईंनी कागद उजेडात धरला. फुली पाहिली, मग खूण पाहिली. आवाज एकदम मऊ झाला.

"नाही म्हटलंय. या शिक्षिका होत्या का?"

"हो," वासुदेव म्हणाले. "चौथीला शिकवायच्या."

मागे रांग खोळंबली होती. त्यांनी कागदाची घडी जुन्याच रेघांवर घातली आणि बाजूला झाले.